बर्कलीची कानात ऐकायची कॅम्पस फेरी: साडेतीन तारे

लेकीनं फोनवर ही फेरी विकत घेऊन दिली. इअरफोन घालायचे आणि निवेदक सांगेल तसं चालायचं. विषय अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातलं १९६४ चं फ्री स्पीच आंदोलन, म्हणजे कॅम्पसवर राजकीय बोलण्याच्या हक्कासाठी विद्यार्थ्यांनी दिलेला लढा. मी २६ वर्षं कुलगुरूंच्या केबिनबाहेर स्वीय सहायक म्हणून बसले. सहा कुलगुरू पाहिले, घेराव किती ते मोजले नाहीत. एकदा तर खिडकीच्या गजांतून आत चहाचा थर्मास दिलाय. तेव्हा ही फेरी मी जरा वेगळ्या कानांनी ऐकली, हे आधीच सांगते.

सुरुवात झकास आहे. बँक्रॉफ्ट आणि टेलिग्राफ या रस्त्यांच्या कोपऱ्यावर २६ फूट रुंदीचा विटांचा पट्टा. मी पावलं मोजली, अकरा भरली. विद्यार्थी तिथे टेबलं मांडून पत्रकं वाटायचे, वर्गणी गोळा करायचे. जागा शहराची असाच समज होता, पण ती निघाली विद्यापीठाची. सप्टेंबरच्या मध्यावर डीनचं पत्र आलं, टेबलं बंद. एवढ्याशा जागेवरून केवढं रामायण झालं, ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

स्प्राउल प्लाझा या कॅम्पसमधल्या चौकातला भाग तर अंगावर काटा आणतो. १ ऑक्टोबरला बंदी न जुमानता टेबलाशी बसलेल्या जॅक वाइनबर्गला पोलिसांनी गाडीत बसवलं, मुलं गाडीभोवती बसली आणि गाडी ३२ तास तिथेच. विद्यार्थ्यांचा पुढारी मारिओ सॅव्हिओ टपावर चढला तो बूट काढून, गाडी खराब होऊ नये म्हणून! आमच्याकडे खुर्च्यांवर बुटांसकट उभे राहिलेले मी पाहिलेत, म्हणून हे विशेष वाटलं.

आता तक्रार. चाळीस मिनिटांत क्लार्क केर यांचं नाव तीनदा येतं, बाकी सगळीकडे नुसतं 'प्रशासन'. त्यातही निवेदक एकदा त्यांना चान्सलर म्हणतो. चान्सलर होते एडवर्ड स्ट्राँग, म्हणजे फक्त बर्कलीचे प्रमुख. केर हे प्रेसिडेंट, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या कॅम्पसांचे. (आपल्या सवयीनं चान्सलर म्हणजे राज्यपाल समजू नका, इथे तसं नाही.) हा घोळ किरकोळ नाही. बंदीचा निर्णय झाला तेव्हा केर आशियाच्या दौऱ्यावर होते. परत आल्यावर तो फिरवायचा की खालच्या माणसाची पत राखायची? त्यांनी पत राखली, आणि तिथेच चुकले. असा कागद टेबलावर येऊन पडलेला मी पाहिलाय. साहेब तो तीन दिवस उलटसुलट करत राहतात आणि तेवढ्यात दाराबाहेर घोषणा सुरू होतात.

गंमत म्हणजे कम्युनिस्ट वक्त्यांवरची कॅम्पसबंदी उठली ती १९६३ मध्ये, केर यांच्याच काळात. १९६४ मध्ये प्राध्यापकांच्या संघटनेनं शैक्षणिक स्वातंत्र्यासाठी त्यांना पुरस्कारही दिला होता. त्याच वर्षी मुलांच्या लेखी ते खलनायक झाले. फेरीत यातलं अक्षर नाही.

ग्रीक थिएटर या खुल्या रंगमंचाकडचा चढ गुडघ्यांना झेपत असेल तरच चढा. ७ डिसेंबरला इथे केर यांचं भाषण संपलं, सॅव्हिओ माइककडे निघाला आणि हजारो लोकांसमोर पोलिसांनी त्याला ओढून नेलं. केर यांनी समेटासाठी रचलेली सभा क्षणात त्यांच्याच हातून गेली. हा प्रसंग मात्र छान सांगितलाय, मागचा गोंगाट नेमका योग्य ठिकाणी थांबतो.

फेरी डिसेंबर १९६४ लाच संपते. केर यांचं पुढे काय झालं? मुलांशी फार मऊ वागले म्हणून रोनाल्ड रेगन गव्हर्नर होताच २० जानेवारी १९६७ ला रीजंट मंडळानं, म्हणजे विद्यापीठाच्या नियामक मंडळानं, १४ विरुद्ध ८ मतांनी त्यांना काढलं. म्हणजे मुलांना ते कडक वाटले, मंडळाला मऊ. आलो तसाच गेलो, 'फायर्ड विथ एन्थुझिॲझम', असं ते नंतर म्हणायचे. 'फायर्ड'चे दोन्ही अर्थ घ्या: उत्साहानं पेटलेला आणि नोकरीवरून काढलेला.

बारा डॉलर वाया गेले असं नाही म्हणणार. आवाज स्वच्छ आहे, नकाशा चुकत नाही, मध्ये थांबून पाणी प्यायला सवड मिळते. फक्त सोबत चार्जर ठेवा.

संपल्यावर मी लेकीला घेऊन उतारावरच्या युनिव्हर्सिटी हॉलकडे गेले. केर यांचं कार्यालय तिथे होतं, फेरीत ते नाही. साधी ऑफिसची इमारत. समोर उभी राहून मी खिडक्या बघत होते. २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सहा कलमांचा समझोता झाला आणि सॅव्हिओनं तो गाडीच्या टपावरून वाचून दाखवला, हे फेरीत दोनदा येतं. तो कागद टाइप कुणी केला असेल? बाहेर पोलीस ताटकळत उभे, आत कलमं बदलतायत, आणि कुणीतरी बाई नवा कागद चढवतेय. लेक म्हणाली, आई, चल ना, पार्किंगची वेळ संपतेय.