एअर मेल की ओल्ड क्यूबन?

दोन्ही कॉकटेलंच, दोन्हींत रम, लिंबू आणि वरून शॅम्पेन. वयात मात्र सत्तरेक वर्षांचं अंतर. एअर मेल १९३०च्या सुमारास बकार्डी या रम कंपनीच्या पुस्तिकेत आलं, विमानटपालाचं अप्रूप होतं तेव्हा. त्यात गोडवा मधाचा. बर्फाला लागला की मध घट्ट होऊन तळाशी चिकटतो, म्हणून आधी कोमट पाण्यात सैल करून घ्यायचा. बाकी काही कटकट नाही.

ओल्ड क्यूबन २००१चं, न्यूयॉर्कच्या बारटेंडर ऑड्री सॉन्डर्स यांचं: मुरलेली रम, पुदिना, साखरेचा पाक, अँगोस्टुरा बिटर्स (कडू, मसालेदार अर्क). म्हणजे मोहितोच, सोड्याऐवजी शॅम्पेन घेऊन नटलेला! बारीक गाळणीतून गाळा, नाहीतर पुदिना दातांत येतो. मला विचाराल तर हेच. एअर मेलमध्ये मधापुढे रम जरा दबते. शॅम्पेन ग्लासातच ओता, शेकरमध्ये, म्हणजे कॉकटेल हलवायच्या भांड्यात, कधीच नाही.