महिन्याला सहाशे जादा, पण आणायचे कुठून?

मी तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत क्लार्क आहे. दर महिन्याला पगारबिल करताना प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे व्यवसाय कराच्या रकान्यात 200 टाकतो, फेब्रुवारीत 300. वर्षाचे होतात 2500. परवा वहिनींनी विचारलं, "भावजी, दोन्ही उमेदवार लाडक्या बहिणीचे महिन्याचे पंधराशेचे एकवीसशे करतो म्हणतात. मग मत द्यायचं कुणाला?" मी म्हटलं, पैसे कुठून आणणार ते दोघांनाही विचारा. फरक तिथेच कळेल.

आधी आकडा बघू. दोन कोटी बहिणी धरल्या, तर 1500 रुपयांप्रमाणे वर्षाला 36,000 कोटी लागतात. 2025-26 च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेला तेवढीच तरतूद होती. 2100 केले की 50,400 कोटी होतात. म्हणजे दरवर्षी 14,400 कोटी जादा लागणार, आणि त्याच अर्थसंकल्पात 45,891 कोटींची महसुली तूट दाखवलेली होती. शिलकीतून द्यायला शिल्लकच नाही.

एक उमेदवार म्हणतो, योजनेसाठी वेगळा कर लावू. हे आपल्या तालुक्याला नवं नाही. विसापूरच्या वि. स. पागेंनी रोजगार हमीची कल्पना मांडली, तिचा पहिला प्रयोग आपल्याच भागात झाला. पुढे तिचा कायदा लागू होण्याआधी पैशाची सोय केली गेली. 1975 साली व्यवसाय कर आला. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवर, विक्रीकरावर, बागायती जमिनीवर जादा आकारणी झाली, आणि या करांतून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. 26 जानेवारी 1979 पासून कायदा लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क झाला, कारण त्यामागे पगारदाराच्या बिलातला तो रकाना होता. मी तो रकाना भरतो, म्हणून मला या पद्धतीबद्दल आजही आदर आहे.

पण हाच कर आता पुरणार नाही. व्यवसाय कराची कमाल मर्यादा राज्यघटनेतच 2500 आहे आणि ती 1988 पासून बदललेली नाही. एका बहिणीचे वर्षाचे 18,000 उभे करायचे तर सात पगारदारांचा अख्ख्या वर्षाचा कर लागतो, तरी 500 कमी पडतात. जीएसटीचा दर राज्याला एकट्याने वाढवता येत नाही, तो केंद्र आणि सगळ्या राज्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतो. राज्याच्या हातात उरतं ते दारू, पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क, वाहन कर. म्हणून "वेगळा कर लावू" एवढं उत्तर पुरेसं धरू नका. कोणता कर, आणि तो त्याच योजनेच्या निधीत पडेल याची कायद्यात काय तरतूद, हे विचारा.

दारूचं उत्तर सगळ्यांत सोपं वाटतं. जून 2025 मध्ये राज्याने दारूवरचं शुल्क वाढवलं, त्यातून वर्षाला 14,000 कोटी जादा मिळतील असं सांगितलं गेलं. आपल्याला लागणारा आकडा जवळजवळ तेवढाच आहे. पण ती वाढ होऊन गेली. तोच पैसा पुन्हा दाखवणाऱ्याला तिथेच थांबवा. शुल्क आणखी वाढवतो म्हणाला, तर म्हैसाळ ओलांडलं की कर्नाटकातलं कागवाड लागतं, गिऱ्हाईक तिकडे वळतं. शिवाय नवऱ्याच्या पिण्यातून बायकोच्या खात्यात पैसे यावेत हे मला मनापासून पटत नाही. घर तर एकच आहे.

दुसरा उमेदवार कर्जाचं बोलतो, म्हणजे तसं थेट म्हणत नाही. "कर वाढवणार नाही, कशाला कात्री लावणार नाही" म्हणतो. मग उरतं कर्जच. दरवर्षी 14,400 कोटी काढले तर पाच वर्षांत 72,000 कोटी होतात, आणि सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला 5,000 कोटींच्या वर नुसतं व्याजच जाणार. कर्ज वाईट नसतं. टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या कालव्यासाठी काढलेलं कर्ज रानात पाणी आणतं, पीक उभं करतं. दर महिन्याच्या खर्चासाठी काढलेलं कर्ज मात्र पुढच्या महिन्यात परत काढावं लागतं.

तिसरा मार्ग कुणी भाषणात सांगत नाही, पण तो वापरला जातो. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410.30 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335.70 कोटी लाडक्या बहिणीकडे वळवले. ज्या घरातला मुलगा वसतिगृहावर, शिष्यवृत्तीवर शिकतो, त्या घराने याचा विचार आधी करावा. आईच्या खात्यात सहाशे जादा आले आणि मुलाची मेस बंद पडली तर काय उपयोग? माझ्या मते हा सगळ्यांत वाईट मार्ग. केवायसी करून नावं कमी करणं त्यापेक्षा बरं, पण त्यातून एवढी मोठी रक्कम निघेल असं वाटत नाही.

शेतीला फुकट पाणी देतो अशी घोषणा कुणी केली, तर तिला वेगळं माप लावा. उपसा योजनांच्या वीजबिलाचं 81-19 आपण पाहिलंय: 81 टक्के सरकार, 19 टक्के शेतकरी, आणि आपला वाटा ऊसबिलातून पाणीपट्टी म्हणून कापून जातो. पूर्वी थकबाकीपायी म्हैसाळचे पंप बंद पडायचे. ऊसबिलाच्या पावतीवर ती कपात बघून जीव हळहळतो, पण पाणी येतं. "तेही माफ करतो" म्हणणाऱ्यापेक्षा 81 टक्के वेळेवर भरण्याची हमी देणाऱ्याला मी मत देईन.

वहिनींना मी एवढंच सांगितलं: वेगळा कर लावू म्हणणाऱ्याने कराचं नाव सांगितलं, तर मत त्याला. नाही सांगितलं, तर दोघं सारखेच, मग गावातलं काम कुणी केलंय ते बघा. रविवारी तो कोपरा सभेला येतोय. प्रश्न वहिनींनी वहीत लिहून ठेवलाय.