अर्टिगा सीएनजी : मधल्या रांगेतल्या डाव्या सीटवरून

आमच्याकडे २००१ ची झेन होती. माहेरची गाडी. बाबांनी बार्शीत घेतलेली, पुढे माझ्या वाट्याला आली आणि सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या गल्लीत रुळली. साडेतीन मीटरची गाडी, त्यामुळे एका बाजूला दुचाक्यांची रांग लागलेली असली तरी सहज निघायची. ९९३ सीसीचं अॅल्युमिनियमचं इंजिन, अंगानं हलकी, आणि गिअर असे की नुसतं मनगट हलवलं की पडायचे. मारुतीनं ही गाडी १९९३ मध्ये आणली आणि २००६ मध्ये तिचं उत्पादन थांबवलं, तरी गॅरेजवाल्या मामांनी आमची झेन ठणठणीत ठेवली होती. एसीचं काम निघालं की ते जुन्या बाजारातून काहीतरी पैदा करायचेच. तेव्हा पार्ट मिळेनात म्हणून गाडी बदलली, असं नाही.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि प्रश्न मिटला. झेनची सीट इतकी खाली की बसताना अंग टाकून द्यावं लागायचं, आणि उतरताना कुणीतरी समोर उभं राहून दोन्ही हात धरून ओढायचं. दर गुरुवारी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाणारी बाई ‘तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी’ म्हणायला लागली. त्यातून आम्ही घरात पाच, नणंदेचं कुटुंब आलं की आठ. झेनमध्ये पाच जण बसायचे म्हणजे तुळजापूरपर्यंत कुणीतरी कुणाच्या तरी मांडीवर.

गाडी पाहायला गेलो तेव्हा मी एकच धरून ठेवलं होतं: आधी सासूबाई बसून बघणार, मग आपण बोलू. शोरूममधल्या पोराला हे काही पचेना. तो मला टचस्क्रीन दाखवत होता, मोबाईल कसा जोडायचा ते सांगत होता. मी म्हटलं, दादा, तू मधलं दार उघड.

गुडघे दुखणारा माणूस गाडीत कसा शिरतो ते नीट बघा. तो पाय आधी घालत नाही. सीटकडे पाठ करतो, टेकतो, मग एकेक पाय उचलून आत घेतो. म्हणजे सीटची कड मांडीच्या मागे लागली पाहिजे, आणि खालचा उंबरा पाय उचलता येईल इतकाच हवा. उंच एसयूव्हीत सीटपर्यंत पोचायलाच पायरी चढावी लागते, म्हणून त्या पहिल्याच फेरीत बाद झाल्या. रेनॉची ट्रायबर चार मीटरच्या आत सात जणांना बसवते, मागच्या सीटा काढूनही ठेवता येतात, पण सात माणसं आणि एक लिटरचं इंजिन, यावर नवरा तयार नव्हता. कियाची कॅरेन्स सगळ्यांना आवडली, मलाही. तीत कंपनीतूनच बसवून आलेलं सीएनजी मिळत नव्हतं, आणि आमचं रोजचं फिरणं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यापर्यंत, तेव्हा इंधनाचा हिशोब करावाच लागतो. (टोयोटाची रुमियन म्हणजे हीच मारुतीची सात सीटांची अर्टिगा, नुसता लोगो वेगळा. ती बघण्यात दुपार घालवू नका.)

अर्टिगात सासूबाई पाठ करून टेकल्या, वरची मूठ धरली, पाय आत घेतले. कुणाचा हात लागला नाही. मधली सीट मागे सरकवून पाठ जरा कलती केली तर पाय पुरते लांब करता आले. ‘चलो अद,’ म्हणाल्या, म्हणजे छान आहे. त्यांचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, खूश झाल्या की कानडीत जातात. माझ्या दृष्टीनं सौदा तिथंच ठरला होता, फक्त शोरूमवाल्यांना कळू दिलं नाही.

घेतली ती व्हीएक्सआय, म्हणजे बेसच्या वरचं मॉडेल, सीएनजी, पांढरी. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. इथं काळी गाडी घेणाऱ्याच्या हौसेला माझा नमस्कार. बेस मॉडेल घेऊ नका. मागच्या रांगांना हवा पोचवणारी वेगळी सोय व्हीएक्सआयपासून आहे, आणि ती नसेल तर तिसऱ्या रांगेतली माणसं नळदुर्ग येईपर्यंत उकडून निघतील.

आता ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असतं ते. अर्टिगाची डिकी तिन्ही रांगा उभ्या ठेवल्या तर २०९ लिटर. सीएनजीवाल्या गाडीत त्या जागेत ६० लिटरची टाकी आडवी बसलेली असते. म्हणजे सात माणसं बसली की सामानाला जागा अशी नाहीच. टाकीच्या पुढच्या फटीत चपलांची पिशवी, फार तर शेंगाचटणीचा डबा. मुक्कामाला जायचं तर एक तर छतावर कॅरिअर लावा, नाहीतर पाचच जण जा आणि तिसरी रांग पाडा. ती पन्नास-पन्नास विभागलेली आहे, एक बाजू पाडून दुसरीवर एक माणूस बसू शकतो. आम्ही बहुतेक असेच जातो. कारखान्याचे सँपल न्यायचे असतात तेव्हा पूर्ण रांग पाडते. टॉवेलच्या गाठी दाबल्या की बसतात, त्यामुळे टाकीच्या वरूनसुद्धा रचता येतात. सुटकेसला ते जमत नाही.

दुसरं म्हणजे गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं असतं. नियम आहे, आणि योग्यच आहे, टाकीत २०० बारच्या घरात दाब असतो. पण ज्या बाईला उतरणं-चढणं कमी पडावं म्हणून गाडी घेतली, तिलाच पंपावर उतरवून काठी धरून उन्हात उभं करायचं? म्हणून माझा नेम असा की लांबच्या प्रवासाला आदल्या रात्रीच भरून आणायचं. रात्री दुसराही फायदा. भर उन्हात भरलं तर गॅस तापून फुगलेला असतो, त्याच दाबाला टाकीत वजनानं कमी मावतो. थंड वेळी भरलं की थोडा जास्त बसतो. पंपावरच्या रांगेचं मात्र काही सांगू नये. एका पंपावर रिक्षांच्या मागे तासभर उभं राहून ‘प्रेशर संपलं’ असं ऐकलंय. पेट्रोलची टाकी कधी कोरडी ठेवू नका. आणि सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते, तेही कुठंतरी लिहून ठेवा.

कंपनी किलोला २६.११ किलोमीटर सांगते. मला पुण्याच्या रस्त्याला पंचवीसच्या आसपास मिळतं, अर्थात टेंभुर्णी-इंदापूर पट्ट्यात पाय आवरला तर. शहरात वीस-बावीस. सात रस्ता, आसरा चौक, होटगी रोड असं फिरणं असेल तर तेवढंच धरून चला.

चालवायला कशी, हे लोक आधी विचारतात. क्लच हलका, खिडक्या मोठ्या, गाडी साधारण ४.४ मीटरची असूनही वळते छान. आमच्या गल्लीत मात्र आता एकदा मागे घ्यावी लागते. पेट्रोलवर हेच १४६२ सीसीचं इंजिन शंभरावर अश्वशक्ती देतं, गॅसवर ८८ च्या आसपास. हा फरक कागदावर वाचून सोडून दिला तर तुळजापूरच्या घाटात आठवतो. सात जण, एसी चालू, पुढे ट्रक: चौथ्यात ओढत नाही, तिसरा टाकावा लागतो आणि ओव्हरटेकचा विचार झेनमध्ये करत होते त्याच्या दुप्पट आधी करावा लागतो. घाटापुरतं मी बटण दाबून पेट्रोलवर घेते. झेन वळणावर जशी अंगाबरोबर यायची तशी ही येत नाही, पण मागे सासूबाई डुलकी घेत असतात. वळणं मजेत घ्यायचे दिवस तसेही नाहीत.

सुरक्षेचं मात्र गोडगोड लिहिणार नाही. गाड्या आदळवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं २०१९ मध्ये अर्टिगाला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ३ तारे दिले होते. पुढे नियम कडक झाले, आणि २०२४ मध्ये आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या भारतीय बनावटीच्या अर्टिगाला १ तारा मिळाला. ती गाडी दोन एअरबॅगची होती. २०२५ पासून आपल्याकडे सगळ्या मॉडेलना सहा एअरबॅग आल्या. एअरबॅग वाढल्यानं गाडीचा सांगाडा बदलतो असं नाही, हे लक्षात ठेवून घ्या. आमच्याकडे यावर बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं ते असं: हायवेला नव्वदच्या वर नाही, बेल्टशिवाय गाडी सुरू होणार नाही, मागच्या रांगेत बसणाऱ्यानंही लावायचा, आणि पोरांना शक्यतो मधल्या रांगेत. तिसऱ्या रांगेत डोक्यामागे लगेच टाकी आणि काच असते, तिथं नवरा आणि नंदावे बसतात. गुडघे वर येतात त्यांचे. येऊ देत.

शोरूमचं नाव लिहीत नाही. जीएसटी आणि सेस मिळून कर ४५ टक्क्यांवरून ४० वर आला तेव्हा किंमत उतरली, ती त्यांनी निमूट लावली. पण बिलात ‘हँडलिंग’ म्हणून एक रक्कम, न मागितलेलं अॅक्सेसरीजचं पॅकेज, आणि ‘इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागतो मॅडम.’ घ्यावा लागत नाही. मी बाहेरून दोन ठिकाणचे कोटेशन व्हॉट्सअॅपवर मागवले, त्यांच्यासमोर फोन ठेवला, आणि हँडलिंगही गेलं, पॅकेजही गेलं. डिलिव्हरीच्या दिवशी केक कापायला लावतात, त्याला मात्र उपाय नाही.

झेन मामांनीच घेतली. त्यांच्या लेकीला शिकायला हवी होती.

एक शेवटचं, सीट कव्हरबद्दल. शोरूमवाले रेक्झिनचे कव्हर गळ्यात मारतात, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी तीनला त्यावर बसून बघावं. मी आमच्याच कारखान्यातल्या सेकंड क्वालिटीच्या टेरी टॉवेलचे शिवून घेतले, घाम शोषतात आणि घरी धुता येतात. पुढच्या सीटांचे शिवताना दाराकडची बाजू उघडी ठेवायला सांगा. साईड एअरबॅग तिथून फुटून बाहेर येतात, आणि शिंप्याला ते आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.