डिस्कमध्ये काहीच नव्हतं

हे लिहायला मला चार महिने लागले. पैसे गेल्यापेक्षा आपण इतके बावळट ठरलो याचीच लाज जास्त वाटत होती. पण परवा एका मित्राचा मेसेज आला, "कन्सोलची एक्स्टर्नल हार्ड डिस्क करप्ट झालीये, कोणी रिकव्हरीवाला माहीत आहे का?" त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो.

माझा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, सोनीचा पीएस४. आतली डिस्क ५०० जीबीची, म्हणजे मोठे सात-आठ गेम टाकले की जागा संपली. २०१७ मध्ये ४.५० हे अपडेट आलं तेव्हापासून पीएस४ला यूएसबी ३.० ची डिस्क बाहेरून जोडता येते, २५० जीबीपासून ८ टीबीपर्यंत. मी २ टीबीची घेतली होती आणि ती दोन वर्षं टीव्हीमागे निमूट पडून होती. एका रात्री खेळता खेळता स्क्रीनवर सूचना आली की डिस्क योग्य रीतीने बंद न करता काढली गेली आहे. मी तर तिला हातही लावला नव्हता! कन्सोल बंद करून चालू केला. त्याने डिस्क दुरुस्त करायला घेतली, पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि तिथेच बसली. शेवटी निरोप आला की डिस्क करप्ट आहे, फॉरमॅट करा.

मग मी ती लॅपटॉपला लावली. विंडोजनेही तेच विचारलं, फॉरमॅट करू का? माझ्या पोटात गोळा आला. आज कळतं की त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पीएस४ डिस्क स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतो, त्यामुळे ती ठणठणीत असली तरी विंडोजला अनोळखीच वाटते. पण त्या रात्री मला वाटलं, सगळं गेलं.

'सगळं' म्हणजे नक्की काय, हे तेव्हा पाच मिनिटं बसून आठवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

माझ्या डोळ्यांसमोर होतं ते आमचं शेत. मी आणि माझी धाकटी बहीण मिळून दोन वर्षं एक शेतीचा गेम खेळत होतो. गायींची नावं तिने ठेवलेली, विहिरीशेजारचा वाकडा रस्ता माझा. ती तेव्हा परीक्षेसाठी बाहेर होती. ती परत यायच्या आत हे निस्तरायचं, एवढंच डोक्यात होतं, आणि या घाईनेच घात केला.

नेटवर शोधलं तर एक माणूस सापडला. कन्सोलचा डेटा परत मिळवून देण्यात तज्ज्ञ, शंभर टक्के खात्री, डिस्क कुरियरने पाठवा. खाली कौतुकाचे ढीगभर अभिप्राय. ते सगळे एकाच आठवड्यात लिहिलेले होते, हे मी नंतर पाहिलं. फोन लावला. माणूस अतिशय शांत, प्रत्येक वाक्याला "सर".

"सर, डिस्कमधून टकटक असा आवाज येतोय का?"

"नाही, काहीच आवाज नाही."

"मग हेड पूर्णच गेलं, सर. आवाज असता तर थोडी तरी आशा होती."

हेड म्हणजे डिस्कमधल्या फिरत्या प्लेटवरचा डेटा वाचणारा भाग. आवाज येतोय म्हटलं असतं तरीही हेडच गेलं असतं, हे उघड आहे. खरं तर टकटक हीच हेडच्या बिघाडाची नेहमीची खूण, आणि माझी डिस्क छान गुणगुणत फिरत होती. लॅपटॉपने तिची क्षमताही बरोबर दाखवली होती, १.८१ टीबी. (कंपनी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ ने, म्हणून २ चे १.८१ दिसतात.) हेड खरंच गेलं असतं तर बहुतेक वेळा एवढंही वाचता आलं नसतं. पण समोरचा ठामपणे बोलत असला की आपण आपल्याच डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही.

डिस्क पाठवली, निम्मे पैसे आगाऊ. तीन दिवसांनी फोटो आला. झाकण काढलेली हार्ड डिस्क, आरशासारखी चकचकीत प्लेट, तिच्यावर बोट दाखवणारा एक उघडा हात. हातमोजा नाही, मागे साधं टेबल आणि टेबलावर चहाच्या कपाचा गोल डाग. चालू डिस्कमध्ये हेड प्लेटपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. धुळीचा कणसुद्धा त्याच्यापुढे डोंगर. म्हणून खऱ्या प्रयोगशाळेत हे काम गाळलेल्या हवेच्या खास खोलीत करतात. मला मात्र तो फोटो पाहून धीर आला, की बघा, माणूस काम करतोय! चार महिन्यांनी तोच फोटो इमेज सर्चमध्ये टाकला. वर्षानुवर्षं नेटवर फिरतोय तो.

मग 'डोनर' आला. हेड बदलायला त्याच मॉडेलची दुसरी डिस्क लागते, तिचे पैसे वेगळे. ही पद्धत खरी आहे, म्हणूनच खोटं पचलं. त्याच्या थापांमध्ये असे खरे शब्द चपखल पेरलेले असायचे. इथवर नव्या डिस्कच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मी देऊन बसलो होतो. आता थांबलो तर दिलेले बुडतील, म्हणून आणखी देत राहिलो. जुगारात हरणाऱ्याला मी कायम हसत आलो होतो.

आणि मग त्याने कन्सोल मागितला.

"डिस्क तुमच्या कन्सोलशी जोडलेली असते, सर. त्याच्यावरच तपासावी लागेल. आणि अकाउंटचा पासवर्ड द्या, नाहीतर गेम उघडून बघता येणार नाहीत."

मी कन्सोल दिला. फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये चांगला गुंडाळून, वर 'नाजूक' अशी चिठ्ठी चिकटवून दिला. पासवर्ड मेसेजने पाठवला.

बारा दिवसांनी दोन्ही वस्तू परत आल्या. डिस्कची पेटी माझीच, खालचं लेबलही माझंच. पण पेटीच्या शिवणीवर बारीक पांढरे ओरखडे होते, पातळ पातं घालून उचकटल्यासारखे, आणि हलवली की आत तुटलेली क्लिप खुळखुळत होती. कन्सोलला लावली. चालली! फक्त जागा निम्मीच दिसली. मी फोन केला.

"खराब भाग कापून टाकला, सर. म्हणून डिस्क वाचली."

हे वाक्य मी खरं मानलं, हे कबूल करताना आजही कान गरम होतात. हार्ड डिस्कमधला खराब सेक्टर, म्हणजे साठवणीचा छोटासा तुकडा, असा कापत नाहीत. डिस्क स्वतःच त्याच्या बदल्यात राखीव जागेतला दुसरा सेक्टर वापरते आणि क्षमता आहे तेवढीच राहते. २ टीबीची डिस्क दुरुस्त होऊन १ टीबीची होत नाही. ती दुसरीच डिस्क असते.

पण तेव्हा मी जागेचा विचार सोडून दिला, कारण त्याहून मोठं काहीतरी दिसत होतं. चालू करताच कन्सोलने मला आधी भाषा विचारली होती, मग वेळ, मग इंटरनेट. नवीन घेतल्यावर पहिल्या दिवशी विचारतो तसं. गेमही एकही नव्हता. ते अकाउंटमधून पुन्हा उतरवून घ्यावे लागतील, असं त्याने फोनवरच सांगितलं होतं. मग इतके दिवस रिकव्हरी कशाची चालली होती, हे विचारायचं मला सुचलं नाही.

बहीण आली त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "दादा, सेव्ह फाइल कुठे असते, माहीत आहे का तुला?"

मला माहीत नव्हतं. सेव्ह फाइल म्हणजे आपण गेममध्ये कुठवर पोचलो याची नोंद, आमचं शेत म्हणजे तीच. पीएस४च्या बाहेरच्या डिस्कवर गेम जातात, अ‍ॅप जातात, सेव्ह फाइल जात नाही. ती कायम कन्सोलच्या आतल्या डिस्कवर असते. म्हणजे ज्या डिस्कसाठी मी पैसे ओतले तिच्यात परत मिळवण्यासारखं काहीच नव्हतं. विकत घेतलेले गेम अकाउंटच्या लायब्ररीतून फुकट पुन्हा डाउनलोड होतात, ब्लू-रे तबकडीवरचे पुन्हा इन्स्टॉल होतात. डिस्क करप्ट झाली त्या रात्री आमचं शेत कन्सोलमध्ये सुखरूप होतं. ते मी स्वतःच्या हाताने गुंडाळून पाठवलं, आणि त्याने कन्सोल पूर्ण पुसून परत दिला. क्लाउडची वर्गणी मी भरत नव्हतो, तेव्हा तिकडेही प्रत नव्हती.

त्याने तो कशासाठी पुसला, हे नंतर उलगडलं. माझ्या मेलमध्ये नव्या उपकरणावर लॉगिन झाल्याचा निरोप पडून होता, आणि माझा कन्सोल आता माझ्या अकाउंटचा 'प्रायमरी' राहिला नव्हता. प्रायमरी कन्सोलवर त्या अकाउंटचे गेम दुसरी कोणतीही व्यक्ती खेळू शकते. म्हणजे माझं अकाउंट दुसऱ्या कन्सोलवर बसवायचं आणि तो कन्सोल 'गेमसकट' विकायचा, असा धंदा असावा. हा माझा अंदाज, पुरावा नाही. पासवर्ड बदलला, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू केलं आणि वेबसाइटवरून सगळे कन्सोल एकदम निष्क्रिय केले. ही सोय सहा महिन्यांतून एकदाच मिळते, तेव्हा आधी पासवर्ड बदला, मग हे करा. उलट केलंत तर तो पुन्हा आत शिरेल.

डिस्कचा पंचनामाही बहिणीनेच केला. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची स्वतःची नोंदवही वाचून दाखवतं. सीरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळेना. आणि 'पॉवर ऑन अवर्स' या रकान्यात आकडा होता ३१,२००. दोन वर्षांत तास असतात १७,५२०. माझी डिस्क मी एक सेकंदही बंद केली नसती तरी तिथे पोचली नसती. कुठल्यातरी ऑफिसच्या कॅमेऱ्यांना साडेतीन वर्षं अखंड जुंपलेली म्हातारी माझ्या पेटीत येऊन बसली असेल.

स्क्रीनशॉट काढून त्याला पाठवले. "चेक करतो सर," आणि त्यानंतर नंबर कायमचा बंद. बँकेला कळवलं, रीतसर तक्रार नोंदवली. पैसे एका व्यक्तीच्या खात्यात, आपखुशीने, तीन हप्त्यांत गेलेले. पुढे काही झालेलं नाही.

मित्राला मी म्हणालो, आधी कोणालाही फोन करू नकोस. केबल बदल. डिस्क हबला (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीला) लावली असशील तर काढून थेट कन्सोलच्या पोर्टला लाव, हबमधून पीएस४ ती स्वीकारत नाही. कन्सोल पूर्ण बंद करून पॉवरचं बटण दुसरी 'बीप' ऐकू येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धर. सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीच्या पर्यायांची यादी, येईल, तिथे कंट्रोलर केबलने जोडावा लागतो. पाचवा पर्याय 'रीबिल्ड डेटाबेस', त्याने गेम किंवा सेव्ह पुसले जात नाहीत. सहावा आणि सातवा 'इनिशियलाइझ' आहेत, त्यांच्याकडे बोटही नेऊ नकोस. एवढ्याने जमलं नाही तर डिस्क खुशाल फॉरमॅट कर आणि गेम परत उतरवून घे. चार-पाच रात्री जातील, बाकी काही जाणार नाही.

डिस्कवर खरोखरच न मिळणारं काही असेल, फोटो वगैरे, तर गोष्ट वेगळी. पण तिथेही एक खूण सांगतो. प्रामाणिक प्रयोगशाळा तुमचा डेटा दुसऱ्या डिस्कवर काढून देते. उघडलेली जुनी डिस्क "आता वापरा, टकाटक झाली" म्हणून कोणी हातात ठेवत नाही. आणि गेमच्या अकाउंटचा पासवर्ड तर डिस्कच्या कोणत्याच दुरुस्तीला लागत नाही.

एक गोष्ट राहिली. त्या माणसाने डिस्क बदलली, पण केबल माझीच परत पाठवली. मागच्या महिन्यात मी नवीन डिस्क घेतली आणि तिला सवयीने तीच जुनी केबल लावली. दुसऱ्याच दिवशी, खेळता खेळता, तीच सूचना. डिस्क योग्य रीतीने बंद न करता काढली गेली आहे. बहिणीने केबलचं ते रुंद, दोन कप्प्यांचं टोक डिस्कच्या खाचेत धरून करंगळीने हलकंच ढकललं. डिस्कचा दिवा विझला. सोडलं, लागला. पुन्हा ढकललं, विझला.

नवीन केबल आली, नवीन शेतही सुरू झालंय. गायी तीन आहेत, विहीर अजून नाही. दर शनिवारी खेळ थांबवला की ती एक पेन ड्राइव्ह माझ्यासमोर धरते आणि सेव्ह फाइल तिच्यात कॉपी होईपर्यंत टीव्ही बंद करू देत नाही.