मृत्युपत्र की हयातीतली वाटणी? आमच्या घरात दोन्ही झालं

आजोबांनी मृत्युपत्र केलं होतं. बाबांनी हयातीतच दानपत्रं केली. फोंड्याजवळच्या त्याच कौलारू घरात, त्याच सोप्यावर बसून मी दोन्ही प्रकार पाहिले, त्यामुळे चवथीला घरी जमल्यावर कोणी हळूच विषय काढला की लोक माझ्याकडे बघतात. मी वकील नाही. अनुभव तेवढा सांगतो.

गोव्यात लग्न झालं की नवराबायको निम्मेनिम्मे, आणि आपल्या निम्म्यातलाही अर्धा भाग मुलांसाठी राखीव, हे इथल्या कोणाला नव्याने सांगायला नको. पण या हिशेबाने मृत्युपत्र किती लंगडं होतं ते प्रत्यक्ष वेळ आल्याशिवाय कळत नाही. आमची आजी आधी गेली. तिचा अर्धा वाटा चार मुलांत सारखा गेला. उरलेला अर्धा आजोबांचा, आणि त्यातल्या अर्ध्यावर, म्हणजे सगळ्या मालमत्तेच्या पाव भागावर, त्यांची मर्जी चालणार होती. तो पाव भाग त्यांनी सब-रजिस्ट्रारकडे जाऊन, स्पेशल नोटरीच्या पुस्तकात रीतसर बाबांच्या नावे लिहिला. “घर तुझंच” असं ते शेवटपर्यंत बाबांना म्हणत असत. ते गेल्यावर हिशेब मांडला तेव्हा सोळा आण्यांतले सात बाबांचे निघाले आणि तिन्ही आत्यांचे मिळून नऊ.

आत्यांना घर नकोच होतं, त्यांनी ते तोंडाने सांगितलंही. अडलं ते त्यांच्या यजमानांच्या सह्यांवर. बायकोच्या वारशात नवऱ्याचाही निम्मा वाटा, म्हणून तीन आत्या म्हणजे सहा सह्या. एक काका आखातात होते, त्यांच्या मुखत्यारपत्राला वेळ लागला पण ते आलं. मधल्या आत्याच्या यजमानांचं कारण मात्र वेगळंच होतं. माझ्या मुंजीचं आमंत्रण त्यांना फोनवरून गेलं होतं, घरी जाऊन अक्षत दिली नव्हती. तो राग पंधरा वर्षांनी दस्तावर उतरला. “बघतो, वाचतो, सांगतो” यात सहा वर्षं गेली. आत्या बिचारी मधल्या मधे. शेवटी तिने माहेरी येणंच कमी केलं, आणि मला विचाराल तर या सगळ्यात खरं नुकसान ते झालं.

त्या सहा वर्षांत मागच्या पडवीची कौलं फुटली. दुरुस्तीला कर्ज मागितलं तर बँक म्हणे, आधी हक्क एकट्याचा करून आणा. स्वतःचे पैसे घालावेत तर उद्या घर कोणाकडे जाईल याचा भरवसा नाही. पावसाळाभर निळी ताडपत्री.

तुम्ही विचाराल, कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणी करून घेण्याची केस, का नाही घातली? विचार झाला होता. पण इन्व्हेंटरीत वारसांमध्येच बोली लागते. जास्त बोलेल त्याला वस्तू, आणि इतरांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे. ज्याच्या घरात आखाताचा पैसा त्याचा हात वर. जन्मभर त्या घरात राहिलेल्या माणसाने आपल्याच घरावर बोली लावायची आणि हरायची भीती बाळगायची, हे बाबांना सोसलं नसतं. म्हणून वाट पाहिली.

यानंतर बाबांनी बहात्तराव्या वर्षी ठरवलं की आपल्या तिघा मुलांचं आपल्यासमोरच मिटवायचं. आईबाबा दोघांनी मिळून तीन दानपत्रं केली. घर मला, माडांचं भाट पुण्यातल्या भावाला, रस्त्याला लागून असलेला प्लॉट मडगावच्या बहिणीला. किमतीतला फरक मी भावाला आणि बहिणीला चेकने दिला. तिन्ही दस्तांत आईबाबांचा हयातभराचा उपभोगाचा हक्क राखला. प्रत्येक दस्तावर बाकीच्या दोघांनी आपापल्या जोडीदारासह संमती म्हणून सही केली, कारण मुलाला दिलेलं दान पुढे वारसाच्या हिशेबात परत मोजलं जातं आणि तिथेच जुनी उणीदुणी बाहेर येतात. आठ माणसं एका सकाळी सब-रजिस्ट्रारच्या बाकावर. दाजींनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. दुपारी सगळ्यांनी भाजी-पाव आणि मिरची भजी खाल्ली.

माझं मन झुकलं ते या एका सकाळीमुळे. बाप समोर बसलेला असताना जावई सही अडवत नाही. अडवावीशी वाटली तरी लाजेखातर करतो. तो बाप भिंतीवरच्या फोटोत गेला की तीच सही मागायला सहा वर्षं चपला झिजतात.

आता मृत्युपत्राच्या बाजूने. ते कधीही बदलता येतं, दानपत्र सहज मागे घेता येत नाही. आमची आई शेवटच्या दिवसापर्यंत म्हणत होती, “ताट द्यावं पण पाट देऊ नये.” तिचं भय खोटं नव्हतं. दान विवाहित मुलाला केलं की, दस्तात वेगळं लिहिलं नसेल तर, सुनेचाही निम्मा वाटा होतो. उद्या मुलगा-सून वेगळे झाले तर आईबाबा परक्याच्या घरात. म्हणून उपभोगाचा हक्क राखणं ही मी अट मानतो, सवलत नव्हे. शिवाय 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास रद्द करून घेता येते. ती अट दस्तात स्पष्ट लिहून घ्या, मोघम “प्रेमापोटी” नको.

मुलंबाळं नसलेल्या काका-मावशींना मात्र मी मृत्युपत्रच सुचवेन. आईवडीलही हयात नसतील तर राखीव हिश्श्याचा अडसर उरत नाही, आणि कोण सांभाळतो त्यावर मन बदलायची मुभा राहते. ज्यांच्या मुलांत आताच बोलाचाली बंद आहे त्यांनीही हयातीतल्या वाटणीचा हट्ट धरू नये, सह्याच होणार नाहीत. आणि मृत्युपत्र करायचं तर नवऱ्याने आणि बायकोने आपापलं वेगळं करायचं. एकाच कागदावर दोघांचं इथे चालत नाही.

एक गोष्ट दोन्ही प्रकारांत सांगावीशी वाटते. लग्न ठरताना मुलीकडून “मला माहेरचं काही नको” असं लिहून घेण्याची खोड अजून काही घरांत आहे. आईवडील जिवंत असताना असा हक्क सोडताच येत नाही, त्या कागदाला किंमत नाही. पोर्तुगीज संहिता इथे 1870 मध्ये लागू झाली आणि तेव्हापासून मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस आहे. उगाच त्या पोरीला दुखवू नका.

भावाने मधेच शंका काढली होती की बाबांच्या पुण्यातल्या फ्लॅटला वेगळा कायदा लागेल. नाही लागत. गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही इथलाच वारसा कायदा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलंय. फ्लॅट बाबांनी शेवटी विकूनच टाकला, ते सर्वांत सोपं पडलं.

काही करण्याआधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीचा इथला सरकारी उतारा, काढून बघा. आमच्यावर पणजोबांचं नाव होतं, आणि दुसऱ्या रकान्यात अशा एका मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, ज्याचं घर आम्हाला माहीतच नव्हतं. त्यातच आठ महिने गेले.

गणपतीची खोली आम्ही वाटली नाही. घर माझं असलं तरी त्या खोलीत चवथ करायचा आणि माटोळी (गणपतीवरची फळापानांची चौकट) बांधायचा तिघांचा हक्क दस्तात लिहिला आहे. भाटातून विहिरीपर्यंतची पायवाट किती हात रुंद, फणस कोणाच्या हद्दीत, तेही लिहिलं. सर्व्हेअर वैतागला होता. विहिरीवरच्या पंपाचं वीजबिल कोणी भरायचं तेवढं मात्र राहून गेलं. आई होती तोवर ती भरायची. आता भाऊ म्हणतो मी भरावं, आणि मी म्हणतो पाणी तर माडांना जातं.