झिंक ऑक्साइडचं मलम : बसायच्या जागेच्या पुरळावर कितपत कामाचं?

वडोदऱ्यात दांडिया बाजार असो की रावपुरा, मेडिकलमध्ये 'बाळाच्या रॅशचं क्रीम' मागितलं की बहुधा झिंक ऑक्साइडची ट्यूब हातात पडते. घाम, घासणं किंवा ओला डायपर यांमुळे मोठ्यांच्या कुल्ल्यांवर उठणाऱ्या लाल, चुरचुरणाऱ्या पुरळावरही ती उत्तम चालते. मात्र हे खाजेचं औषध नव्हे. ते त्वचेवर थर धरतं आणि लघवी, शी, घाम यांना आत झिरपू देत नाही, एवढंच त्याचं काम.

घेताना ट्यूबची मागची बाजू वाचावी. झिंकचं प्रमाण १० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत असतं. अंथरुणाला खिळलेल्या आजींना जुलाब होत असतील तर जास्त टक्क्यांची घट्ट पेस्ट. दिवसभर स्कूटर आणि रेक्झिनची खुर्ची असेल त्याला १० ते १५ टक्के पुरे. सुगंधी मलम नकोच. सुगंधी ओले वाइप्सही नकोत, कारण कित्येकदा पुरळ त्यांचंच असतं.

लोक चुकतात ते लावण्यात. साबण अल्कधर्मी असतो, त्वचा किंचित आम्ल. म्हणून दर वेळी साबण न लावता कोमट पाण्याने धुवावं, मऊ सुती कापडाने टिपावं, त्वचेची घडी पूर्ण कोरडी होऊ द्यावी. ओलाव्यावर मलम फासलं तर ओल आतच कोंडते. मग थर पसरावा, चोळून जिरवू नये. पुढच्या वेळी वरचा खराब झालेला थरच पुसायचा, खालचा पांढरा थर खरवडायचा नाही. काढायचाच झाला तर कापसावर थोडं खोबरेल घेऊन काढावा.

दोष? चिकटतं, आणि गडद कपड्यांवर पांढरे डाग पडतात. मोठ्यांच्या डायपरमध्ये जाड लेप दिला तर तो डायपरला लागतो आणि ओल शोषली जात नाही, म्हणून तिथे पातळच. टाल्कम पावडरपेक्षा तरी हे शंभर पटींनी बरं. घामाने पावडरीचे गोळे होतात आणि घडीत तेच घासतात.

घडीत लालभडक चट्टा आणि कडेला सुटे बारीक फोड दिसले तर तो बहुधा कॅन्डिडा, म्हणजे एक प्रकारची बुरशी. तिथे नुसतं झिंक पुरत नाही. १ टक्का क्लोट्रिमाझोल हे बुरशीवरचं मलम दिवसातून दोनदा आधी लावून, ते जिरल्यावर वरून झिंक लावावं. कड उठलेली, पसरत जाणारी, मध्ये निवळलेली गोल चकती म्हणजे नायटा असू शकतो, तीही बुरशीच. गरब्याच्या नऊ रात्री घामेजल्या घट्ट कपड्यांत काढल्या की तो फोफावतो.

अशा वेळी काउंटरवरून 'तीन-चार औषधं एकत्र' असलेली ट्यूब पुढे येते. त्यात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन यांसारखं स्टेरॉइड असेल तर परत करावी. दोन दिवसांत खाज थांबते खरी, पण बुरशी आतून पसरते, चकतीचं रूप बदलतं आणि डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं. शिवाय घडीत स्टेरॉइड जास्त शोषलं जातं. कातडी पातळ होते, भेगांसारखे पट्टे उमटतात आणि ते पुसले जात नाहीत.

झिंक नीट लावूनही आठवडाभरात उतार नसेल, पू, ताप किंवा उघडी जखम असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. नायट्याची शंका असल्यास कड खरवडून केओएच तपासणी (खरवडलेल्या त्वचेत बुरशी आहे का ते पाहणारी) करायला सांगावं, आणि आधी काही लावलं असेल तर ती ट्यूब सोबत न्यावी.