लवंग तेल की व्हिनेगर पावडर : चिकन सॉसेजसाठी काय निवडावे?

व्हॅक्यूम पॅकमधले चिकन सॉसेज आंबू नये, बुळबुळीत होऊ नये म्हणून नैसर्गिक उपाय शोधणाऱ्या छोट्या उत्पादकासमोर सहसा तीन नावे येतात : निसिन, लवंग तेल आणि बफर केलेल्या व्हिनेगरची पावडर. लातूरमधल्या माझ्या लहानशा युनिटमध्ये मी ही तिन्ही वापरून पाहिली आहेत.

निसिन लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूपासून मिळते. लिस्टेरिया या रोगजंतूवर आणि पॅक आंबवणाऱ्या लॅक्टिक जिवाणूंवर ते चांगले चालते, ई. कोलाय व साल्मोनेला या रोगजंतूंच्या बाहेरच्या आवरणापुढे मात्र ते एकटे तोकडे पडते. बाजारातल्या पुडीत प्रत्यक्ष निसिन साधारण 2.5 टक्केच असते आणि दहा किलो खिम्याला ती पुडी जेमतेम पाच ग्रॅम लागते. एवढीशी भुकटी सगळीकडे सारखी मिसळणे हेच मोठे काम होऊन बसते.

लवंग तेलाकडून मला सर्वांत जास्त आशा होती. त्यातले युजेनॉल जिवाणूंच्या पेशीचे आवरणच खिळखिळे करते आणि लिस्टेरियाच्या आणि ई. कोलायच्या अशा दोन्ही गटांतल्या जिवाणूंवर काम करते. अडचण अशी की युजेनॉल चरबीत विरघळते. सॉसेजमधली चरबी त्यातले बरेचसे स्वतःकडे ओढून घेते आणि जिवाणू ज्या पाणीदार भागात वाढतात तिथे थोडेच उरते. म्हणून मी मात्रा वाढवली. पॅक टिकले, पण औसा रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याने पाकीट फोडून माझ्यासमोर धरले आणि म्हणाला, “मालक, ह्याला दाढेच्या औषधाचा वास येलालाय.” त्याचे खरे होते. मात्रा कमी केल्यावर वास गेला, पण आठव्या दिवशी सॉसेज बोटांत धरले की चिकट तार सुटू लागली. या दोहोंच्या मधली मात्रा मला शेवटपर्यंत सापडली नाही, आणि माझा निर्णय त्या वासानेच केला.

व्हिनेगर पावडरचा अनुभव याहून शांत आहे. साधे व्हिनेगर घातले तेव्हा मांसाचा सामू उतरला, त्याने पाणी सोडले आणि पाकिटाच्या तळाशी गुलाबी पाणी साचले. बफर केलेल्या पावडरीने तसे होत नाही, कारण तिच्यातले बरेचसे आम्ल आधीच उदासीन केलेले असते. ती जिवाणूंना मारण्यापेक्षा त्यांची वाढ रोखते, त्यामुळे खिमा मुळात स्वच्छ आणि थंड असणे भागच आहे. तिच्यात सोडियम असल्यास मीठ थोडे कमी करावे लागते, आणि जवळून चाखल्यास किंचित आंबूस चव जाणवते. माझ्या गिऱ्हाइकांनी अजून तरी तिची तक्रार केलेली नाही.

मे महिन्यात इकडे पारा चाळिशीपार जातो आणि लाईट गेली की फ्रीजचे तापमान चढते. तशा दिवसांतही माझे पावडरीचे पॅक लवंग तेलाच्या कमी मात्रेच्या पॅकपेक्षा उशिरा फुगले. हे माझ्या एका फ्रीजपुरते निरीक्षण आहे, प्रयोगशाळेची तपासणी नव्हे. यांपैकी कशाच्याही भरवशावर सॉसेजमध्ये घातले जाणारे नायट्राइट हे परिरक्षक काढून टाकू नये, कारण हवा नसलेल्या पाकिटात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या घातक विष तयार करणाऱ्या जिवाणूचा धोका असतो. आपल्या उत्पादनाच्या वर्गाला काय व किती चालते हे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत आधी पाहून घ्यावे.

आपला माल मटणाचा सीख कबाब असेल, तर लवंग तेलाचा विचार जरूर करावा; गरम मसाल्यात तो वास परका वाटत नाही आणि माझ्या कबाबात ते आजही पडते. सॉसेजसाठी मात्र मी पावडरीचीच पिशवी मागवतो.